कुठंही राहा, म्हणाले

नव्या नोकरीचं पत्र आलं, तेव्हा पगाराची ओळ मी वाचलीच नाही. तिच्याखाली एक वाक्य होतं: देशात कुठूनही काम केलं तरी कंपनीची हरकत नाही. मैत्रिणी हे ऐकून नाचायच्याच बाकी होत्या. एकीनं गोवा सुचवलं, दुसरीनं कुठलंसं थंड हवेचं गाव. "नशीब काढलंस बाई," म्हणाल्या. मी हसून हो हो म्हटलं, घरी आले आणि पर्ससुद्धा न ठेवता खाली फरशीवर बसले.

मी जन्माची भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करायला नको. मी लिफ्टला भिते, कुत्र्याला भिते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला भिते. चव्वेचाळीस वर्षांची झाले, लग्न केलं नाही, तेही भिऊनच, असं माझी वहिनी गावभर सांगते. ते खोटं आहे, पण तिच्याशी वाद घालायलाही मी भिते. त्यात माझं काम म्हणजे इस्पितळांचे कागद तपासून विम्याचे दावे मंजूर की नामंजूर ते लिहायचं. कोण कुठून पडलं, कुठलं हाड मोडलं, आणायला किती उशीर झाला, हेच सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचायचं. अशा बाईनं घाबरू नये तर काय करावं?

पण त्या दिवशीची भीती निराळी होती. कर्जत तालुक्यात, कळंबच्या अलीकडं, डोंगराच्या अगदी पायाशी आमचं गाव आहे. तिथं माझे बाबा एकटे राहतात. आईला जाऊन दोन वर्षं झाली. बाबा पंच्याहत्तरच्या पुढचे, छातीत कायमचा कफ, चार पावलं चढ चढले की दम लागतो. आणि मी पुण्यात, एकोणीस वर्षं. इतक्या वर्षांत कुणी मला विचारलं, की अगं, बाप एकटा आहे, तू जात का नाहीस, तर माझ्याकडं उत्तर तयार असायचं. नोकरी आहे ना! काय करणार? जीव तुटतो हो, पण नोकरी. नोकरी ही माझी सबब होती आणि कंपनीनं ती एका वाक्यात काढून घेतली. आता मी बाबांजवळ राहिले नाही, तर ते फक्त मला राहायचं नव्हतं म्हणून.

आणि मला खरंच राहायचं नव्हतं. त्या घराची मला भीती वाटत होती. घर म्हणजे चार खोल्या, पुढं ओटी, मागं रिकामा गोठा. इस्पितळ कर्जतला. पावसात ओढा भरला की रस्ता बंद. गेल्या पावसाळ्यात बाबा त्या गोठ्यामागं घसरून पडले. दुपारी पडले, ते दिवेलागणीला वहिनी दूध घेऊन आली तेव्हा सापडले. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, शेजारच्याच घरात राहते. भाऊ खोपोलीला कंपनीत जातो, त्यामुळं दिवसभर तीच असते. मला ही गोष्ट तीन आठवड्यांनी कळली, तीसुद्धा तिच्या तोंडून निसटली म्हणून. मी बाबांना फोन केला तर म्हणतात, "पडलो नाय गं. बसलो व्हतो जरा."

चार तास चिखलात बसले होते!

तेव्हापासून गावचा नंबर स्क्रीनवर दिसला की फोन उचलेपर्यंत मी बाबांना मनात तीनदा मारलेलं असायचं. आणि पलीकडून बाबा विचारायचे, "जेवलीस का?"

मग मी मधला मार्ग शोधायला लागले. भित्री माणसं मधले मार्ग फार शोधतात. कर्जत स्टेशनजवळ दोन घरं पाहिली, नंतर खालापूरला महामार्गाच्या बाजूला नव्या इमारती होतायत तिथं एक फ्लॅट पाहिला. तिसरा मजला, दोन बेडरूम, दवाखाना खालीच. मी मनात ठरवून टाकलं, की बाबांना इथं आणायचं. एका रविवारी गाडी करून त्यांना तो दाखवायला घेऊन गेले. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. ते हॉलच्या मधोमध उभे राहिले, भिंतीला हात न लावता, कुणा सायबाच्या घरी आल्यासारखे. गॅलरीतून खाली बघितलं. दोन ट्रक गेले ते बघितलं.

"चांगलं हाय," म्हणाले. "तुला बरं पडंल."

"मला नाही, आपल्याला. तुम्हाला कसं वाटतं?"

"माझं काय त्यात?"

परत येताना गाडीत मी सरळच विचारलं, मी गावी यावं की येऊ नये? तुम्हाला काय हवंय ते एकदा सांगा. बाबा खिडकीतून बाहेर बघत बसले होते. मान न वळवताच म्हणाले, "तुझ्या मनानं कर." मला असा संताप आला! या तीन शब्दांवर माणूस काय घर बांधणार? ये म्हणाले असते तर रडतरडत का होईना आले असते. येऊ नको म्हणाले असते तर मोकळी झाले असते. तसलं काही नाही. तुझ्या मनानं कर. आणि माझ्या मनात भीतीशिवाय होतं काय?

तीन महिने असे कागदावर फायद्यातोट्याचे रकाने आखण्यात गेले. शेवटी वैशाखात मी पंधरा दिवसांसाठी गावी गेले, रजा न घेता, म्हणजे लॅपटॉप घेऊनच. म्हटलं, राहून बघू. जमलं तर जमलं.

रेंज फक्त ओटीच्या एका कोपऱ्यात यायची, खांबाला पाठ लावून बसलं तर. तिथं पाट ठेवून मी माझं दुकान मांडलं. वहिनी येताजाता डोकावायची. "काय गं, कोण मेलं आज?" विचारायची. पहिल्या चार दिवसांत मी वाशावर एक धामण पाहिली, कर्जतच्या इस्पितळात रिक्षानं जायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं आणि बाबा रात्रभर खोकतात ते ऐकलं. फोनवर ते कधीच खोकत नसत. तोंड बाजूला घेऊन खोकत असणार.

ते दिवस राब भाजायचे होते. आमच्याकडं भाताची रोपं ज्या तुकड्यात करतात, तो तुकडा पावसाआधी भाजून घेतात. जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या वाळलेल्या डहाळ्या, गवत, वरून बारीक माती, असे थर द्यायचे आणि पेटवायचं. तण मरतं, राख जमिनीत मुरते, रोप जोमदार येतं. बाबा त्या वयातही राब करत होते. थर देऊन झाले होते, फक्त पेटवायचं राहिलं होतं. आदल्या संध्याकाळी म्हणाले, "उद्या सकाळी भाजून टाकू. मी असंन तवाच."

रात्रभर त्यांचा खोकला थांबला नाही. सकाळी उशिरा कुठं डोळा लागला. ओटीवरच्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन झोपले होते आणि मी त्यांच्याकडं बघत चहा घेत होते. राबाच्या धुरात उभे राहिले तर आज काही खरं नाही, हे मला दिसत होतं. साडेअकराला माझी मीटिंग होती. अकरा वाजत आले होते. मी म्हटलं, यांना कशाला उठवायचं? राब काय मी पाहिलेला नाही? अठरा वर्षांची होईपर्यंत दरवर्षी डोक्यावर पाट्या वाहिल्यात, पाला गोळा केलाय, हाताला चिरा पडेपर्यंत डहाळ्या ओढल्यात. शिवाय, खरं सांगायचं तर, मला दाखवायचं होतं. की मी इथं राहू शकते. कुणाला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

काडेपेटी घेतली आणि गेले.

पाट्या वाहणं आमचं, पोरीबायकांचं काम होतं. पेटवायचं काम बाबांचं. त्यामुळं राबाचं मला सगळं माहीत होतं, एक गोष्ट सोडून. वारा ज्या बाजूला जातो त्या टोकाला पेटवायचं असतं. मग जाळ वाऱ्याच्या तोंडावर येतो, अडतो, हळूहळू सरकतो, आणि जमीन नीट भाजते. हे आमच्या गावात कुणी कुणाला सांगत नाही, कारण ज्याला पेटवायचं असतं त्याला ते माहीतच असतं. मी चूल पेटवणारी बाई. मी वाऱ्याकडं पाठ केली आणि नीट वारा लागेल अशा जागी काडी लावली. लागली की पटकन! मला इतका अभिमान वाटला, की मी मोबाइल काढून फोटो घेतला.

फोटो घेऊन मोबाइल खाली केला, तोवर जाळ आडवा झाला होता.

तो पळायला लागला. दुसरा शब्द नाही. खालच्या अंगानं वारा सुटला होता आणि त्या वाऱ्यापुढं जाळ गवतातून फरफर करत निघाला. राब संपला, बांध आला. बांधावर वाळकं गवत होतं, ते काढून टाकायचं असतं हेही मी विसरले होते. त्या पलीकडं वहिनीची उडवी, म्हणजे तिच्या म्हशींसाठी पावसाळाभर पुरावा म्हणून रचून ठेवलेला भाताचा पेंढा, माणसापेक्षा दुप्पट उंच. आणि उडवीच्या मागं शंभर पावलांवर आमचं घर. ओटीवर बाबा झोपलेले.

मी आधी पायानं विझवायला गेले. चपलेचा तळ वितळला. मग ओढणी काढून आपटली, तीच पेटली. मी ओरडले, पण घशातून आवाज बाहेर आला नाही. इतका आवाज असलेली मी, फोनवर बोलले तरी शेजारी ऐकतात, आणि त्या वेळी नुसती हवा बाहेर येत होती. उडवी पेटली तेव्हा आधी काहीच झाल्यासारखं वाटलं नाही, एका बाजूनं धूर निघत होता, आणि मग धप्पकन सगळीच्या सगळी एकदम पेटली. मी घराकडं पळाले. धूर घरावर जात होता.

खाट रिकामी होती.

गोधडी खाली पडलेली. चपला तिथंच. मी आतल्या चारी खोल्या बघितल्या, मागं गोठ्यात बघितलं, "बाबा, बाबा" करत होते, आणि आता आवाज फुटला होता, नको तितका. पाटावरचा लॅपटॉप वाजत होता. मीटिंग सुरू झाली होती. मला कळलं, की बाबा अनवाणी त्या धुरात गेले आहेत. ज्या माणसाला चार पावलं चढ चढवत नाही, तो माणूस. मला तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही, पण एक गोष्ट आठवते. मी मनात कागद भरायला लागले होते. वय शहात्तर. धुरानं गुदमरून. आणण्यास विलंब.

गाव तोवर धावलं होतं. कुणी ओली गोणपाटं, कुणी हिरव्या डहाळ्या, कुणी हंडे. वहिनी म्हशी सोडून त्यांना ओढ्याकडं हाकलत होती आणि हाकलता हाकलता मला शिव्या देत होती. मी कुणाच्या तरी हातातलं ओलं गोणपाट ओढून घेतलं, तोंडाला गुंडाळलं आणि धुरात शिरले. डोळ्यांची आग होत होती. दोन हातांवरचं दिसत नव्हतं. बांधाजवळ एक माणूस वाकून हिरवी फांदी जमिनीवर आपटत होता. तिथं आग विझलीही होती, तरी आपटत होता. मी जवळ गेले तसा त्यानं माझा दंड धरला. डोळे सुजून बंद झाल्यासारखे, भुवया जळलेल्या.

"बाय," बाबा मला म्हणाले, "माझी पोरगी दिसली का गं कुठं? हितंच होती. हितंच होती गं."

मी तोंडावरचं गोणपाट काढलं, तरी माझं तोंड काजळीनं इतकं काळं होतं, की त्यांना ओळख पटेना. "बाबा, मीच आहे," म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग त्याच हातानं अशी सणसणीत कानाखाली वाजवली, की माझा कान दिवसभर वाजत होता. जन्मात त्यांनी मला हात लावला नव्हता. मारून झाल्यावर ते खाली बसले आणि खोकायला लागले, आणि मी त्यांच्या शेजारी बसून पाठ चोळत राहिले. दोघांनाही उठता येत नव्हतं.

माणसाला काही झालं नाही, जनावराला झालं नाही, घर वाचलं. पुढं सगळे हेच म्हणत होते. पण उडवीची राख झाली होती. दोन म्हशी, आणि तोंडावर पावसाळा. वहिनी आमच्या ओटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता म्हशी काय तुझा लॅपटॉप खातील?"

मी म्हटलं, मी विकत आणून देते. टेंपोनं मागवते. वहिनी माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले. "इकत?" म्हणाली. "तुजे बाबा सांगतील तुला काय करायचं ते."

काय करायचं ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी पैसे पुढं केले होते. आमच्या गावात कुणाची उडवी जळाली की गाव ती भरून देतं. पण ज्याच्या हातून जळाली त्यानं स्वतः दारोदार जायचं, एकट्यानं, आणि प्रत्येक दारात तोंडानं म्हणायचं, "माझ्या हातून जळाली, पेंढा द्या." कुणी नाही म्हणत नाही. सुगी झाली, नवा पेंढा आला, की ज्यानं त्यानं दिलेलं त्याला परत घालायचं. लहानपणी मी एका मोठ्या बाप्याला असं आमच्या दारात उभं राहिलेलं बघितलं होतं. तो आईच्या पायांकडं बघत बोलत होता. मला त्याचंच भय वाटलं होतं तेव्हा.

बाबा म्हणाले, "मी जातो. माझा राब व्हता."

कुंपणापलीकडून वहिनी म्हणाली, "काडी तिनं लावली ना? तिलाच जाऊ द्या."

आगीला मी जितकी भ्याले त्यापेक्षा त्या दुसऱ्या दिवसाला जास्त भ्याले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पहिल्या घराच्या अंगणापाशी मी दोनदा जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा घरातल्या म्हातारीनंच हाक मारली. "ये गं, ये. कवाची घिरट्या घालतीस?" मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं, जणू काल ती स्वतः हंडा घेऊन धावलीच नव्हती. मग म्हणाली, "पेंढा देते. पण तू राहणार का जाणार?"

"बघू," मी म्हटलं.

"बगू म्हंजे?"

मला वाटलं, म्हातारी आहे, चौकशी करते आहे. दुसऱ्या घरी तेच विचारलं. राहणार का जाणार? तिसऱ्या घरी बाबांच्या वयाचे आजोबा सुतळी वळत बसले होते. त्यांनीही तेच विचारलं, आणि मी पुन्हा "बघू" म्हटल्यावर सुतळी खाली ठेवली.

"असं बग पोरी," ते म्हणाले. "पेंढा आमी देऊच. तुज्या बापाला नाय म्हणायचं नाय. पण सुगीत तो परत घालायला कोन येनार? तुजा बाप? त्याला पेंढीचं ओझं तरी उचलंल का? तू असशील तर तुला देतो. नसशील तर त्याच्या नावानं देतो, न् परत घेत नाय. तेवडं सांग."

परत घेत नाही. म्हणजे बाबा या गावाशी देणंघेणं संपलेले म्हातारे. म्हणजे इथून पुढं त्यांना जे मिळेल ती दया. हे आजोबा शांतपणे सांगत होते, त्यात टोमणा नव्हता. आतून त्यांची सून, नातसुना बघत होत्या. मला तिथून पळून जायचं होतं, दुसरं काही नको होतं.

"राहणार," मी म्हटलं.

तीन महिने कागदावर रकाने आखून जे ठरलं नव्हतं, ते असं घाबरून तोंडातून निघून गेलं. परत घेता येईना. चौथ्या घरी पोहोचेपर्यंत ती बातमी माझ्याआधी पोहोचली होती. "राहणार म्हंजे तू?" असं म्हणतच त्यांनी पेंढ्या काढल्या. पाचव्या घरी मला पाणी दिलं. सातव्या घरातल्या बाईनं मला विचारलं, की तुला भाताची लावणी येते का अजून, आणि मी विसरले म्हटल्यावर एवढं हसली, की तिच्या हातातली पेंढी सुटली. मी हसले नाही. माझं डोकं सारखं एकच सांगत होतं: काय बोलून बसलीस! पाऊस येईल, ओढा भरेल, ते खोकत असतील आणि तू तिथं असशील. फोन येईल म्हणून भीत होतीस ना? आता फोनसुद्धा येणार नाही. आता डोळ्यांसमोर होईल.

सूर्य डोंगराआड जात असताना मी घरी आले. बाबा ओटीच्या पायरीवर बसले होते, डोळ्यांना दवाखान्यातलं मलम लावलेलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. दोन वर्षं एकटा राहिलेला माणूस, त्याला मुलगी राहते म्हणाली तर काय वाटेल?

बाबांचा चेहराच उतरला.

"का बोललीस तसं?" म्हणाले. "कुनी सांगितलं व्हतं तुला? गावासमोर बोललीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, तुझ्या मनानं कर!" माझा आवाज चढला. "आता मनानं केलं तर का बोललीस? तुम्हाला मी नकोच आहे का इथं? एकदा सांगून टाका ना बाबा. 'मी पडलो नाय, बसलो व्हतो.' 'माझं काय त्यात?' तुमचं कधी काही नसतंच का?"

ते हातातली काठी पायरीवर घासत होते. मग म्हणाले, आणि इतकं हळू म्हणाले, की मला वाकून ऐकावं लागलं:

"मी पडलो तर तू येशील. माज्यामागं तू या घरात पडलीस, तर कोन येईल गं?"

मी एवढ्या भीती गोळा केल्या होत्या. लिफ्टच्या, सापाच्या, ओढ्याच्या, फोनच्या. ही एक माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. ती त्यांच्याकडं होती. खालापूरच्या फ्लॅटमध्ये भिंतीला हात न लावता उभे होते तेव्हाही तीच होती. तुझ्या मनानं कर म्हणाले तेव्हाही. त्यांना मी जवळ हवी होते, आणि माझ्यासाठी ते भीत होते, म्हणून या म्हातारबुवांनी दोन्हीतलं काहीच तोंडातून काढलं नव्हतं.

वहिनी आहे, गाव आहे, असं काहीतरी म्हणता आलं असतं. पण त्यांच्यासमोर खोटा धीर दाखवायचा मला कंटाळा आला होता.

"मला पण भीती वाटते, बाबा," मी म्हटलं. "फार वाटते."

"हां," ते म्हणाले.

"पण राहते."

त्यांनी मान हलवली. हो अशी नाही, नाही अशीही नाही. मग उठायला लागले, मी हात दिला, तो त्यांनी घेतला. दारापाशी आल्यावर थांबले.

"मग एक कर," म्हणाले. "आंघोळीला जाशील तवा मोरीची कडी आतनं लावू नको. नुस्तं दार लोटून घ्यायचं. काय झालं तर कुनालाबी आत येता आलं पायजे."

"बरं. तुम्हीही लावू नका."

"मी नाय लावत," बाबा म्हणाले. "तुजी आई गेली, त्या दिवसापासनं नाय लावली."